कथा लिहून झाली; संकेतस्थळावर चढवताना मजकुराची मांडणी कोणत्या क्रमाने करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील ओळखीच्या लेखकांच्या कथा संकेतस्थळावर चढवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या कथेत त्याच चुका त्याच जागी सापडतात. ठळक, तिरपे, अधोरेखित ही बटणे कोठे आहेत हे बहुतेकांना ठाऊक असते. चुकतो तो क्रम. मजकूर पेस्ट झाल्याबरोबर लेखक ठळक-तिरप्याच्या मागे लागतो, मग मधेच अक्षरे फुटलेली दिसतात, ती दुरुस्त करण्यासाठी मजकूर पुन्हा पेस्ट करावा लागतो, त्यात आधीची सगळी मांडणी पुसली जाते, आणि शेवटी कंटाळून कथा आहे तशीच प्रसिद्ध केली जाते. म्हणून खालील टप्पे त्याच क्रमाने करावेत: आधी अक्षरे, मग परिच्छेद, मग संवाद, त्यानंतर ठळक-तिरपे, आणि सर्वांत शेवटी तपासणी.

संकेतस्थळ कोणतेही असले तरी लिहिण्याची सोय साधारण दोनच प्रकारची असते. एका प्रकारात वर बटणांची पट्टी असते. दुसऱ्या प्रकारात, ज्याला मार्कडाउन म्हणतात, तारा (*), आडव्या रेघा अशी चिन्हे मजकुरातच टाकावी लागतात. आपल्या संकेतस्थळावर यांपैकी काय आहे, हे रिकाम्या ड्राफ्टमध्ये दोन ओळी लिहून आधीच पाहून घ्यावे.

तयारी: तीन प्रती आणि एक यादी

कथेच्या तीन प्रती ठेवाव्यात. पहिली मूळ प्रत, जिला हात लावायचा नाही. दुसरी स्वच्छ प्रत, जिच्यात केवळ अक्षरे आणि परिच्छेद असतील, कोणतीही सजावट नसेल. तिसरी म्हणजे संकेतस्थळावरील ड्राफ्ट. दुरुस्ती सुचली की ती आधी दुसऱ्या प्रतीत करावी आणि मग ड्राफ्टमध्ये. हे कंटाळवाणे आहे. पण इंटरनेट मधेच गेल्यामुळे ड्राफ्टमधील अर्धी कथा नाहीशी झालेला लेखक दुसऱ्या वेळी हा नियम आपोआप पाळतो.

यादी करायची ती शब्दांच्या लेखनाची. सीमाभागातील कथेत ही यादी नसेल, तर पुढचे काम दुप्पट होते. एकाच कथेत बेळगाव, बेळगांव आणि बेळगावी अशी तीन रूपे मी पाहिली आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी आहे, तेव्हा कथेतील नोटिशीत किंवा बसच्या पाटीवर ‘बेळगावी’ आणि निवेदकाच्या तोंडी ‘बेळगाव’ अशी विभागणी करता येते. मात्र ती विचारपूर्वक केलेली असावी, टंकनाच्या ओघात झालेली नसावी. बोलीचेही तसेच आहे. एखादे पात्र ‘मी केलो’, ‘मी बघिटलो’ असे बोलणार असेल, तर ते शेवटपर्यंत तसेच बोलले पाहिजे. कोणते पात्र कोणत्या वळणाने बोलते हे यादीत एका ओळीत लिहून ठेवावे. ‘नाही’, ‘न्हाई’ आणि ‘नाय’ यांपैकी कोणाचे काय, एवढे ठरवले तरी निम्मे काम झाले.

टप्पा १: मजकूर युनिकोडमध्ये आहे का

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षर साठवण्याची, सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना समजणारी सामाईक पद्धत. आपल्याकडील अनेक हस्तलिखिते अजूनही छपाईच्या दुकानात टंकित होतात. तेथे मराठीसाठी जुन्या पद्धतीचा एखादा फॉन्ट वापरलेला असतो आणि कानडीसाठी बहुधा नुडी. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणकाने साठवलेले असते ते इंग्रजी अक्षर; त्यावर मराठी अक्षराचे केवळ चित्र चढवलेले असते. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर मजकूर सुरेख दिसतो, आणि संकेतस्थळावर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरे, कंस व स्वल्पविराम यांची खिचडी उरते. माझी स्वतःची एक कथा अशीच दुकानात टंकित करून घेतली होती. संकेतस्थळावर ती खिचडी दिसल्यावर मी अर्धा तास फॉन्ट बदलून पाहत बसलो होतो. फॉन्ट बदलून साठवलेली अक्षरे बदलत नाहीत, हे तेव्हा माहीत नव्हते.

तपासा: फाइलमधील एक ओळ कॉपी करून मोबाइलवर स्वतःलाच निरोप म्हणून पाठवा. मराठी दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि हा टप्पा संपला.

मराठी दिसली नाही, तर फॉन्ट परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन, वापरावा लागतो. त्यासाठी मूळ फॉन्टचे नेमके नाव लागते, म्हणून दुकानातून फाइल घेतानाच ते विचारून ठेवावे. परिवर्तनानंतर संपूर्ण मजकूर वाचावा लागतोच, परंतु दोन ठिकाणी डोळे अधिक उघडे ठेवावेत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी, टंकित होत असे आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हे नेमके उलटे आहे: वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि रफाराचा ‘र्’ आधी. परिवर्तकाला ही अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर आले की तो अडखळतो. म्हणून ‘स्थिती’, ‘निर्णय’, ‘वार्षिक’, ‘मूर्ती’, ‘दृष्टिकोन’ यांसारखे शब्द शोधून पाहावेत. हे शब्द नीट उतरले असतील, तर बाकीचा मजकूरही बहुधा नीट असतो.

टप्पा २: साधा मजकूर, स्वच्छ अक्षरे

वर्डमधून किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरून मजकूर कॉपी केला की अक्षरांबरोबर त्यांचा फॉन्ट, आकार, रंग आणि पार्श्वभूमीही लपून येते. लेखकाला पांढऱ्या पडद्यावर सगळे ठीक दिसते. रात्री मोबाइल काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून वाचणाऱ्याला मात्र काळ्यावर काळी अक्षरे मिळतात, म्हणजे काहीच मिळत नाही. म्हणून नेहमी ‘साधा मजकूर म्हणून पेस्ट करा’ हा पर्याय निवडावा. संगणकावर बहुतेक ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की हेच होते. मोबाइलवर हा पर्याय दिसत नसेल, तर मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून तेथून उचलावा.

इशारा: साधे पेस्ट केल्यावर आधीचे ठळक-तिरपेही निघून जाते. ते गेलेच पाहिजे. जे शब्द ठळक हवे आहेत, त्यांची नोंद यादीत करून ठेवावी.

कथा व्हॉट्सॲपवर लिहिण्याची किंवा पाठवण्याची सवय असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तेथे ठळकासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा आणि तिरप्यासाठी खालची आडवी रेघ टाकलेली असते. ती चिन्हे मजकुराबरोबर येतात. बटणांच्या संकेतस्थळावर ती तशीच उघडी दिसतात. मार्कडाउनमध्ये एकेरी तारेचा अर्थ ठळक नव्हे, तर तिरपे असा होतो, त्यामुळे तेथे घोटाळा आणखी वाढतो. शिवाय अनेक निरोप एकदम कॉपी केले, तर प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव येते. कथेच्या मधोमध लेखकाच्या मेहुण्याचे नाव आलेले मी एकदा पाहिले आहे.

यानंतर ‘शोधा आणि बदला’ वापरून पुढील गोष्टी एकेक करून साफ कराव्यात. सगळे एकदम बदलण्याचा मोह टाळावा. प्रत्येक जागा पाहून बदलावी.

पूर्णविरामाच्या जागी उभा दंड आला असेल, तर तो काढावा. मोबाइलचा कीबोर्ड हिंदीवर राहिला की दंड येतो आणि त्याच्या सोबतीने नुक्ते, म्हणजे अक्षराखालची टिंबेही येतात. ‘पड़ला’, ‘गाढ़व’ असे शब्द मराठी वाचकाला ठेच लावतात. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला आहे का, तेही याच वेळी पाहावे.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आलेला असतो आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र नाही. ‘दुःख’ या शब्दात अपूर्णविराम टाकला असेल, तर शोधताना तो शब्द सापडत नाही.

‘ॲ’ हे अक्षर एकाच आकाराचे दिसत असले तरी दोन-तीन प्रकारे टंकित झालेले असू शकते. कथेत ‘ॲप’, ‘ॲक्टिवा’ असे शब्द वारंवार येत असतील, तर एक रूप निवडून बाकीची त्यावर आणावीत.

चंद्रकोरीच्या ‘र’कडे मात्र थांबून पाहावे लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. खानापूरच्या पुढे भीमगडाकडे जाताना दऱ्या लागतात, दर्या लागत नाही; पण मोबाइलची सूचना स्वीकारत गेलेल्या लेखकाच्या कथेत तेथे समुद्र उसळतो. ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’, ‘तिसऱ्या’, ‘म्हाताऱ्याने’ हे शब्द शोधून पाहावेत. संगणकावर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल, तर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त देऊन पुढे ‘य’ किंवा ‘ह’ टंकित करावा.

तपासा: मजकुरात कोठे एखादी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते का? दिसल्यास तेथे मात्रा आणि अनुस्वार उलट्या क्रमाने टंकित झाले आहेत किंवा अक्षरच गळाले आहे. तो पूर्ण शब्द खोडून पुन्हा लिहावा. नुसती मात्रा दुरुस्त करण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

टप्पा ३: परिच्छेद

वहीत परिच्छेदाची सुरुवात थोडी जागा सोडून करतात, म्हणून अनेक जण पाच-सहा वेळा स्पेस देतात. संकेतस्थळ सलग स्पेसची एकच स्पेस करते, त्यामुळे हा खटाटोप वाया जातो. मार्कडाउनमध्ये तर ओळीच्या आरंभी चार स्पेस दिल्या की त्या ओळी संगणकाच्या आज्ञावलीसारख्या चौकटीत जाऊन बसतात. परिच्छेद एन्टरने पाडावा. मार्कडाउनमध्ये दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी ठेवावी.

प्रसंग बदलताना चार-पाच रिकाम्या ओळी सोडण्याची पद्धतही टिकत नाही, कारण बहुतेक संकेतस्थळे त्या मिटवून टाकतात, आणि वाचक निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून एका ओळीत थेट पुण्याच्या वसतिगृहात जाऊन पडतो. प्रसंगबदलासाठी एकच खूण ठरवावी. तीन तारे पुरेसे आहेत. फुले, दिवे, हृदये यांच्या माळा लावू नयेत, कारण कथा मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रणा प्रत्येक फुलाचे नाव उच्चारू शकते.

दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. छापील पुस्तकात ती शोभते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मात्र ‘बोलल्यासारखे’, ‘विसरण्याजोगे’ असे लांब शब्द मोडत नाहीत, ते अखंड पुढच्या ओळीत जातात आणि मागे उरलेल्या तीन शब्दांत मोठमोठी भगदाडे पडतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी अशी मांडणीच ठेवावी.

अक्षरांमधील अंतर वाढवण्याची सोय असेल, तर तिला हात लावू नये. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

टप्पा ४: संवाद

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा. प्रत्येक पात्राचे बोलणे नव्या परिच्छेदात यावे आणि दुहेरी अवतरणचिन्हांत यावे. पात्राच्या मनातील विचार एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. काही लेखक अवतरणाऐवजी ओळीच्या आरंभी छोटी आडवी रेघ देतात. नाटकाच्या वहीत ते चालते. मार्कडाउनमध्ये ओळीच्या आरंभीची रेघ म्हणजे यादीचा मुद्दा, त्यामुळे नवरा-बायकोचे भांडण किराणा मालाच्या यादीसारखे ठिपके लावून उभे राहते.

एक लहानसा नमुना पाहू.

“अण्णा, मळ्याकडं गेल्तास काय?”

“गेल्तो की. खरं पाणी सोडलो न्हाई.”

“का वो?”

“करंट कुठं हुता?”

येथे ‘खरं’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे तो ‘पण’ या अर्थाने येतो, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक असतेच असे नाही. बोली बदलण्याची गरज नाही. विरामचिन्ह योग्य जागी टाकले की अर्थ पोचतो. “येतो म्हणालो, खरं आलो न्हाई” असे लिहिले, म्हणजे स्वल्पविराम ‘खरं’च्या आधी दिला, तर तो ‘पण’ आहे हे वाक्याच्या चालीवरूनच कळते. “खरं, आलो न्हाई” असे लिहिले की तोच शब्द कबुली देऊ लागतो. स्वल्पविरामाची जागा चुकली की बोलीचा अर्थच उलटतो, आणि मग दोष बोलीला दिला जातो.

बोलीतील शब्द तिरपे किंवा ठळक करू नयेत. ज्या कथेत ‘व्हय’, ‘काय की’, ‘वो’ हे शब्द प्रत्येक वेळी तिरपे होऊन येतात, त्या कथेतील माणसे प्रदर्शनात मांडल्यासारखी वाटतात.

कानडी वाक्यांसाठी वेगळी दक्षता लागते. कथेत कानडी लिपी वापरू नये, कारण वाचकाच्या मोबाइलवर तो फॉन्ट नसेल तर तेथे रिकामे चौकोन दिसतात, आणि असला तरी बहुतेक मराठी वाचकांना तो वाचता येत नाही. कानडी उच्चार देवनागरीतच लिहावेत. देवनागरीच्या युनिकोड संचात कानडीतील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांसाठी ऎ, ऒ अशी खास अक्षरेही आहेत. भाषाशास्त्राच्या लेखात ती उपयोगी पडतात; कथेत वाचक त्यांना टंकनदोष समजतो. तेथे ‘एल्ली’, ‘ओंदु’ असे साध्या अक्षरांनीच लिहावे.

अर्थ कंसात देण्याची घाई करू नये. पुढच्या वाक्यातील कृती अर्थ सांगून जाते:

“बर्री, कूड्री,” शेजारीण म्हणाली. मावशी पायरीवर चपला काढून आत आली आणि खांबाला टेकून बसली.

कंसाची गरज येथे उरतच नाही. कथेच्या तळाशी शब्दार्थांची यादी देणेही मला पटत नाही, कारण मोबाइलवर खाली जाऊन परत वर येणारा वाचक आपली ओळ हरवून बसतो.

आता संवादातील लांबवलेले स्वर. हाक मारताना ‘आईईईई’ असे लिहिण्यापेक्षा अवग्रह वापरावा: “आईऽऽ, दार उघड गंऽ!” दोन अवग्रह पुरेत. हे चिन्ह मोबाइलवर पटकन सापडत नाही, म्हणून एकदा कॉपी करून कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात त्याला एखादा लघुरूप शब्द जोडून ठेवावा. तुटलेल्या बोलण्यासाठी टिंबे तीनच द्यावीत. सात टिंबांनी पात्र अधिक दुःखी होत नाही.

इशारा: प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांच्या आधी जागा सोडू नये. छपाईच्या दुकानांतील ही जुनी सवय आहे, आणि कागदावर ती खपून जाते. मोबाइलवर ओळ संपली की ते एकटे प्रश्नचिन्ह पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन बसते. ‘जागा आणि प्रश्नचिन्ह’ असे शोधून सगळीकडे नुसते प्रश्नचिन्ह करून घ्यावे. याच वेळी, उघडलेले प्रत्येक अवतरणचिन्ह बंद झाले आहे का, तेही मोजावे.

टप्पा ५: ठळक, तिरपे, अधोरेखित

येथपर्यंत सजावटीचे एकही बटण दाबलेले नसावे.

तिरपे अक्षर मराठीत शक्यतो टाळावे. इंग्रजीत तिरप्या वळणाची अक्षरे वेगळी घडवलेली असतात. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये ती नसतात आणि संगणक सरळ अक्षरांनाच एका बाजूला ढकलतो. काने झुकतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर रेलते, आणि लहान आकारात ‘घ’ आणि ‘ध’ ओळखणे कठीण होते. पूर्वस्मृतीचा अख्खा प्रसंग तिरपा करणे ही तर वाचकाला दिलेली शिक्षाच आहे. त्याऐवजी प्रसंगबदलाची खूण द्यावी आणि पहिल्या वाक्यातच काळ सांगावा.

अधोरेखन कथेत वापरूच नये. देवनागरीतील उकार, ऋकार आणि हलन्त हे सर्व अक्षराखाली बसतात. नेमकी तेथूनच रेघ जाते. ‘कुसूर’ आणि ‘कसर’ यांतील फरक त्या रेघेत बुडतो. शिवाय संकेतस्थळावर अधोरेखित शब्द दिसला की वाचक तो दुवा समजून त्यावर बोट दाबतो.

ठळक अक्षर चालते, मात्र मोजके. पाटीवरील मजकूर, पत्त्याची चिठ्ठी, वर्तमानपत्राचा मथळा अशा ठिकाणी ते शोभते. जोर देण्यासाठी ठळक करण्याआधी वाक्य पुन्हा वाचावे. मराठीत ‘च’ आणि ‘ही’ ही अव्यये ते काम करतात. “तूच गेल्तास” असे लिहिल्यावर ‘तू’ ठळक करण्याचे कारण उरत नाही.

ठळक करताना मराठीपुरती एक खास अडचण येते, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आपले प्रत्यय शब्दाला मात्रेने जोडले जातात. ‘बेळगावात’ या शब्दातील केवळ ‘बेळगाव’ ठळक केले, तर ‘व’ आणि त्याचा काना वेगळे होतात. मग अनेक पडद्यांवर तो काना ठिपक्यांच्या वर्तुळावर, ‘◌ात’ असा, लटकतो. जोडाक्षर मधून कापले गेले तर अवस्था याहून वाईट. म्हणून नेहमी प्रत्ययासह पूर्ण शब्द ठळक करावा. मार्कडाउनमध्ये दुहेरी तारे पूर्ण शब्दाच्या आधी आणि नंतर, मध्ये जागा न सोडता टाकावेत: **बेळगावात**. तारे अवतरणचिन्हाच्या बाहेर ठेवून पुढे लगेच प्रत्यय लावला, तर बऱ्याचदा ठळक होत नाही आणि तारे उघडे पडतात.

टप्पा ६: कथेतील पत्र, ओवी, अभंग

पत्र, डायरी किंवा नोटीस यांसाठी ‘अवतरण’ किंवा ‘उद्धृत’ नावाचा पर्याय असतो. त्याने मजकूर थोडा आत सरकतो आणि कडेला एक उभी रेघ येते. मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या आरंभी > हे चिन्ह द्यावे. पत्रातील मायना आणि सही वेगळ्या ओळींवर ठेवाव्यात.

जात्यावरची ओवी किंवा भजनी मंडळाचा अभंग आला की ओळी एन्टरने तोडू नयेत, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन त्यांच्यामध्ये मोठी अंतरे पडतात. संगणकावर शिफ्ट धरून एन्टर दाबला की त्याच परिच्छेदात नवी ओळ सुरू होते. मार्कडाउनमध्ये बहुतेक ठिकाणी ओळीच्या शेवटी दोन स्पेस देऊन एन्टर दाबावा लागतो. गद्यातून हाकललेला दंड येथे मात्र हवा. दुहेरी दंडासाठी दोन एकेरी दंड शेजारी ठेवण्याऐवजी ॥ हे एकसंध चिन्ह वापरावे, आणि कडव्याचा क्रमांक ॥१॥ असा जोडून लिहावा, म्हणजे ओळ मोडताना त्याचे तुकडे होत नाहीत.

टप्पा ७: शीर्षक आणि भाग

शीर्षकात सजावट नको, उद्गारचिन्हांची रांग नको. क्रमशः कथेत नाव आधी आणि भागाचा क्रमांक नंतर असावा, सर्व भागांत एकाच पद्धतीने. पहिल्या भागात ‘भाग १’ आणि तिसऱ्यात ‘भाग तिसरा’ असे झाले की वाचकाला दुसरा सापडत नाही. कथेच्या आत उपशीर्षके असतील, तर ती शीर्षकाच्या पर्यायाने द्यावीत, नुसती ठळक करून नव्हे. आकडे मराठी की इंग्रजी, हेही एकदा ठरवावे. मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या आरंभी इंग्रजी आकड्यांत साल लिहून पुढे पूर्णविराम दिला, तर यंत्र ते यादीचा अनुक्रमांक समजते. मराठी आकड्यांना ही बाधा होत नाही.

बहुतेक संकेतस्थळांवर यादीमध्ये कथेच्या पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात. तेथे “नमस्कार मित्रहो, बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे” असे असू नये, आणि तारे किंवा फुले तर नकोतच.

टप्पा ८: प्रसिद्ध करण्यापूर्वी आणि नंतर

प्रिव्ह्यू संगणकावर पाहून समाधान मानू नये. आपला वाचक निपाणी-बेळगाव बसमध्ये खिडकीशेजारी उन्हात मोबाइल धरून वाचतो आहे, असे समजून मोबाइलवर पाहावे. आधी नेहमीच्या पडद्यावर, मग काळ्या पार्श्वभूमीवर, आणि तिसऱ्या वेळी अक्षरांचा आकार वाढवून. वयस्क वाचक अक्षरे मोठी करूनच वाचतात, आणि शीर्षके व ओव्या नेमक्या तेव्हाच फुटतात. ओळींमधील अंतर निवडता येत असेल, तर इंग्रजीला पुरते त्याहून थोडे अधिक ठेवावे, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडता कामा नयेत.

यानंतर कथा एकदा मोठ्याने वाचावी. डोळे ओलांडून जातात ते दुहेरी शब्द आणि गळलेले अनुस्वार जिभेला सापडतात.

प्रसिद्ध केल्यावर खात्यातून बाहेर पडून, शक्य तर घरातील दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर, कथा उघडावी. लेखकाला आपल्या खात्यातून दिसते ते आणि वाचकाला दिसते ते नेहमी सारखे नसते. पहिला परिच्छेद, एखादा लांब संवाद, ओवी आणि शेवटची ओळ एवढे पाहिले तरी पुरते. शेवटची ओळ अवश्य पाहावी. पेस्ट करताना तुटते ती बहुधा तीच. दुरुस्ती सापडल्यास ती आधी स्वच्छ प्रतीत करावी आणि मग संकेतस्थळावर तेवढाच शब्द बदलावा. संपूर्ण कथा पुन्हा पेस्ट केली, तर टप्पा ३ पासून सगळे नव्याने करावे लागते.